निरोगी देहावर शस्त्र

ज्याला कोणताही आजार नाही अशा माणसाला भूल द्यायची, त्याच्या कातडीखाली पोकळ नळी खुपसायची, काही लिटर चरबी शोषून घ्यायची आणि त्याबद्दल त्याच्याकडून लाखाच्या घरातील रक्कम वसूल करायची, या व्यवहाराला आरोग्यसेवा म्हणावे काय? वैद्यक व्यवसाय या प्रश्नाला बगल देतो. सरकारच्या करखात्याने मात्र त्याचे उत्तर केव्हाच देऊन टाकले आहे. १ सप्टेंबर २००९ पासून केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांवर सेवाकर लागू झाला आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हाही आरोग्यसेवेला मिळणाऱ्या माफीतून या शस्त्रक्रिया वगळण्यात आल्या. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, अपघात वा इजा यांमुळे बिघडलेले शरीर पूर्ववत करण्यासाठी जी शस्त्रक्रिया होते तेवढीच करमुक्त. बाकी सारी खरेदी-विक्री.

आमचा सवाल साधा आहे. कर वसूल करताना जो भेद सरकारला इतका नेमका कळतो, तो नागरिकाचा जीव सांभाळताना त्याच सरकारला का कळू नये? हा धंदा आहे असे तिजोरीला मान्य असेल, तर धोक्याच्या धंद्यावर असतात तशी बंधने त्याच्यावर कोठे आहेत? कारखान्यातील बाष्पकाच्या तपासणीसाठी निरीक्षक असतो. मग निरोगी माणसाच्या पोटात नळी घालणाऱ्या दवाखान्याच्या दारात कोणीच का नसावे?

काही कार्यकर्ते विचारतील की, श्रीमंतांच्या या चोचल्यांशी समाजवाद्यांना काय कर्तव्य? पैसेवाल्यांनी पोटे वाढवावीत, पैसेवाल्यांनीच ती कापून घ्यावीत. आपण मजुरीचा, पाण्याचा, रेशनचा प्रश्न पाहावा. हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. वस्तुतः तो चूक आहे. एक तर ही शस्त्रक्रिया आता हप्त्यांवर मिळते आणि हप्ता ही श्रीमंतांची गरज कधीच नव्हती. दुसरे असे की, ज्यांच्या रोजीरोटीशी देहाचा आकार जखडलेला आहे अशा नोकरदार, कलावंत, लग्नाच्या बाजारात उभ्या केलेल्या मुली या दुकानाच्या गिऱ्हाईक होऊ लागल्या आहेत. मे २०२२ मध्ये बंगळूर येथे चेतना राज ही कन्नड दूरदर्शन मालिकांत काम करणारी अवघ्या २१ वर्षांची अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरण पावली. फुप्फुसांत पाणी साचल्याची वार्ता वृत्तपत्रांत आली. २०२५ साली तिरुवनंतपुरम येथे अशाच शस्त्रक्रियेनंतर झालेल्या गंभीर जंतुसंसर्गामुळे एका तरुण स्त्रीच्या हातापायांची बोटे कापावी लागली. या दोघींपैकी कोणालाही भांडवलदार वर्गाची प्रतिनिधी म्हणण्याचे धाडस आमच्याच्याने होत नाही.

शस्त्रक्रियेचा पूर्वेतिहास

या शस्त्रक्रियेचा जन्मच एका दुर्घटनेतून झाला आहे. १९२०च्या दशकात पॅरिसमधील शार्ल द्युजारिए या नामांकित शल्यचिकित्सकाने एका स्त्रीचे पाय सडपातळ करण्यासाठी चरबी खरवडून काढण्याचा प्रयोग केला. पाय सडला आणि अखेर तो कापावा लागला. पुढे खटला उभा राहिला, डॉक्टरला भरपाई द्यावी लागली. १९२९ सालच्या त्या निकालात पॅरिसच्या न्यायालयाने घेतलेली भूमिका आजही मननीय आहे. उपचाराची गरज नसताना, प्रकृतीला काडीचाही फायदा नसताना, केवळ आकार सुधारण्यासाठी निरोगी अवयवावर गंभीर जोखमीची शस्त्रक्रिया करणे हाच मुळी दोष होय, असे त्या न्यायालयाने मानले. वरच्या न्यायालयाने पुढे भरपाई कायम ठेवली, पण दोषाचा आधार बदलून तो रुग्णाला पुरेशी कल्पना न देण्यावर आणला. म्हणजे ‘असे करूच नये’ येथून कायदा ‘सांगून करावे’ येथे सरकला. या एका पावलात पुढच्या शंभर वर्षांच्या बाजाराचे दार उघडले गेले.

१९७४ च्या सुमारास रोममध्ये फिशर पितापुत्रांनी यंत्राच्या साहाय्याने चरबी ओढून काढण्याची पद्धत आणली. १९७७ नंतर पॅरिसमध्ये इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट टोकाची नळी वापरून ती सुटसुटीत केली. कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ साली पूर्ण भूल न देता ती कशी करता येईल हे प्रसिद्ध केले. प्रत्येक सुधारणेने काही धोके खरोखरच घटले; रक्तस्राव तर पुष्कळच कमी झाला. हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु प्रत्येक सुधारणेबरोबर ही शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयातून लहान दवाखान्यात आणि शल्यचिकित्सकाच्या हातून कोणाच्याही हातात जाऊ लागली, हेही तितकेच खरे. सौंदर्यशल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मोजणीप्रमाणे २०२३ साली जगात अशा २२ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

कातडीखाली काय घडते

जाहिरातीत ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीत उरकण्याजोगी दाखवतात. प्रत्यक्षात काय होते? ज्या भागातील चरबी काढायची तेथे मिठाच्या पाण्याचे द्रावण, त्यात रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अ‍ॅड्रेनलिन आणि बधिर करणारे लिग्नोकेन मिसळून, कित्येक लिटर भरतात. तो भाग फुगून ताठ होतो. मग लहान छिद्रातून नळी आत घालून ती मागेपुढे ढकलत चरबीचे थर फोडतात आणि निर्वात पंपाने ओढून घेतात. नळीचे टोक शल्यचिकित्सकाला दिसत नाही. हाताला लागेल तो अंदाज. पोटावर काम चालू असताना त्या टोकाच्या आणि आतड्याच्या मध्ये स्नायूंचा एक पडदा काय तो असतो. पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा व्रण किंवा लक्षात न आलेला हर्निया असेल तर तोही भरवशाचा राहत नाही. नायजेरियाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी स्टेला ओबासांजो २००५ च्या ऑक्टोबरमध्ये स्पेनमध्ये अशाच शस्त्रक्रियेनंतर वारल्या. नळी भलतीकडे जाऊन आतड्याला आणि यकृताला इजा झाली होती. २००९ साली तेथील न्यायालयाने त्या शल्यचिकित्सकाला निष्काळजीपणामुळे झालेल्या मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीची ही कथा, तर कर्ज काढून आलेल्या कारकून मुलीचे काय?

दुसरा धोका भरलेल्या पाण्याचा. ते सारे नळीतून परत येत नाही. बराचसा भाग रक्तात शोषला जातो. त्यात शिरेतूनही सढळ हाताने सलाइन दिले गेले, तर हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. तिसरा धोका बधिर करणाऱ्या औषधाचा. अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेनची एरवीची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ७ मिलिग्रॅम समजली जाते. या शस्त्रक्रियेत ती ३५ मिलिग्रॅमपर्यंत, काहींच्या मते त्याहूनही वर नेतात. द्रावण पातळ असल्यामुळे ते हळूहळू रक्तात उतरते, म्हणून हे चालते असे सांगतात आणि बहुतांशी ते चालतेही. परंतु रक्तातील त्याचे प्रमाण सर्वाधिक होते ते सुमारे बारा तासांनी. सकाळी दहाला टेबलावर घेतलेली आणि संध्याकाळी घरी पाठवलेली बाई त्या घटकेला आपल्या अंथरुणावर असते. तिच्या नाडीवर बोट ठेवायला तेथे कोणीही नसते.

चौथा धोका गुठळीचा. पायाच्या शिरेतील रक्ताची गुठळी किंवा फुटलेल्या चरबीचे कण फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतात. मृत्यू मिनिटांत येऊ शकतो. पाचवा जंतुसंसर्गाचा. नळीने पोखरलेल्या, रक्तपुरवठा तुटलेल्या चरबीत जंतू शिरले तर त्वचेखालील ऊती पाहता पाहता सडतात. याशिवाय ज्याने कोणी मरत नाही, पण ज्याबद्दल आधी क्वचितच कोणी सांगते असे पुष्कळ काही आहे. कातडी उंचसखल होणे, ती लोंबणे, महिनोन्‌महिने बधिरता, त्वचेखाली पाणी साचून ते पुन्हापुन्हा सुईने काढावे लागणे, काळे डाग, आठवडेच्या आठवडे घट्ट पट्टे बांधून राहणे, हे त्यातले नेहमीचे. सुंदर दिसण्यासाठी गेलेली व्यक्ती विद्रूपतेची दुरुस्ती करण्यासाठी त्याच दुकानात पुन्हा पैसे भरते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

आकड्यांचा खेळ

येथे आमचे डॉक्टर मित्र म्हणतील की, प्रत्येक शस्त्रक्रियेला धोका असतोच; अ‍ॅपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनेही माणसे दगावतात. आकडे काय सांगतात ते पाहू. न्यूयॉर्क शहराच्या मृत्युचिकित्सा कार्यालयातील नोंदींवरून १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात चरबी काढल्यानंतरच्या पाच मृत्यूंचा तपशील होता. संख्या लहान होती, पण त्यामुळे प्रथमच औषधाची मात्रा, भरलेले पाणी आणि गुठळी यांवर बोट ठेवले गेले. २००० साली अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या पाहणीत सुमारे ४ लाख ९६ हजार शस्त्रक्रियांमागे ९५ मृत्यू आढळले, म्हणजे साधारण पाच हजारांत एक. पुढल्याच वर्षी दुसऱ्या पाहणीत केवळ चरबी काढण्यापुरते हे प्रमाण सत्तेचाळीस हजारांत एक इतके खाली आले. मात्र तिच्या जोडीने पोट आवळण्याची शस्त्रक्रिया केली असेल तर ते सव्वातीन हजारांत एक इतके चढले. धंद्यातील मंडळी मधला आकडा सांगतात, बाकीचे दोन गाळतात.

तथापि मधलाच आकडा खरा धरून चालू. या पाहण्या अमेरिकेतील प्रमाणित शल्यचिकित्सकांच्या आहेत आणि त्या त्यांनी स्वतःच भरून दिलेल्या माहितीवर आधारलेल्या आहेत. आपल्या देशात अशा मृत्यूंची सक्तीची नोंद ठेवणारी यंत्रणाच नाही. हिशेबाची वहीच नसलेल्या दुकानदाराने नफातोट्याच्या गोष्टी सांगाव्यात, तसा हा प्रकार आहे. जर्मनीत १९९८ ते २००२ या काळातील ७२ गंभीर प्रकरणे संशोधकांनी गोळा केली. त्यांत २३ मृत्यू होते. कारणे कोणती निघाली? अपुरी स्वच्छता, मात्रेबाहेर भरलेले द्रावण, अयोग्य रुग्णांची निवड, शस्त्रक्रियेनंतर घाईने घरी पाठवणे आणि अपुरा अनुभव. यांतले एकही दैवी नाही. ही सारी कारणे खर्च वाचवण्याच्या आणि गिऱ्हाईक न गमावण्याच्या वृत्तीला अनुकूल आहेत.

परंतु खरा मुद्दा याहून मूलभूत आहे. जोखीम ही कधीच एकटी मोजता येत नाही. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहावे लागते. अ‍ॅपेंडिक्स न काढले तर माणूस मरतो, म्हणून तेथे धोका पत्करणे शहाणपणाचे. चरबी न काढली तर काय होते? काही नाही. आणि काढली तर? २००४ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथील संशोधकांनी १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरील सरासरी नऊ ते दहा किलो चरबी काढल्यानंतर दहा ते बारा आठवड्यांनी तपासणी केली. इन्शुलिनचा परिणाम, रक्तदाब, रक्तातील मेद, यांपैकी कशातही सुधारणा आढळली नाही. मधुमेह वा हृदयविकाराच्या दृष्टीने त्या होत्या तेथेच राहिल्या. २०११ साली कोलोरॅडो येथील अभ्यासात मांड्यांची चरबी काढलेल्या स्त्रियांच्या शरीरात वर्षभरात तितकी चरबी परत आली, आणि ती आली पोटावर, म्हणजे आरोग्याला अधिक घातक अशा जागी. कारण उघड आहे. त्वचेखालची चरबी नळीने निघते. आतड्यांभोवतीची आणि यकृतातील चरबी, जिच्यामुळे रोग होतात, तिला नळी स्पर्शही करू शकत नाही. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण जणू या शस्त्रक्रियेसाठीच रचली गेली असावी.

याचा अर्थ ही पद्धत सर्वथा निरुपयोगी आहे असा नव्हे. स्त्रियांच्या पायांत वेदनादायक चरबी साचण्याचा एक विकार आहे, चरबीच्या मोठ्या गाठी असतात, अपघातानंतरची पुनर्रचना असते. तेथे तिचा न्याय्य उपयोग आहे. तो व्हावा. आमचे भांडण नळीशी नाही.

बाजाराचे अर्थशास्त्र

ज्याचे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले त्याने वैद्यकात नाक का खुपसावे, अशी शंका कोणी घेईल. पण हा प्रश्न मुख्यतः अर्थशास्त्राचाच आहे. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेचा बाजार भाजीच्या बाजारासारखा चालू शकत नाही. कारण येथे काय हवे हे गिऱ्हाईकाला माहीत नसते. ते विक्रेता ठरवतो. भेंडी शिळी निघाली तर उद्या दुसरीकडून घेता येते. शस्त्रक्रिया ही खरेदीपूर्वी चाखून पाहता येत नाही आणि बिघडल्यावर परतही करता येत नाही. म्हणूनच डॉक्टर हा दुकानदार असू नये, तो विश्वस्त असावा, अशी समाजाने व्यवस्था केली. रोगच नसलेल्या माणसाला गिऱ्हाईक करताच हे विश्वस्तपण संपते, अंगावरचा पांढरा कोट मात्र तसाच राहतो. त्या कोटावरचा विश्वास हेच या दुकानाचे भांडवल.

जॉन केनेथ गॅलब्रेथ, जे पुढे अमेरिकेचे राजदूत म्हणून आपल्या देशात राहून गेले, त्यांनी १९५८ साली असे प्रतिपादन केले की, विकसित भांडवलशाहीत उत्पादन हे गरज भागवत नाही. ते आधी गरज निर्माण करते आणि मग ती भागवल्याचा आव आणते. येथे ती गरज कशी निर्माण होते? आधी स्त्रीला तिच्याच देहाची लाज वाटावी लागते. चित्रपट, मालिका, विवाहमंडळाच्या याद्यांतील ‘सडपातळ’ हा शब्द, कार्यालयातील शेरे, हे सारे ते काम बिनपगारी करतात. २००९ साली, तेव्हा सरकारी मालकीच्या असलेल्या एअर इंडियाने वजन जास्त म्हणून काही हवाई सुंदरींना कामावरून कमी केले. सरकारच जेथे मालक असताना कमरेच्या मापावर नोकरी तोलते, तेथे खाजगी मालकाला काय बोलावे? लाज तयार झाली की, तिच्यावरचा उतारा विकायला दुकान सज्जच असते.

पुरवठ्याची बाजूही पाहा. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदान वैद्यकीय महाविद्यालयांना मोकळे रान मिळाले. शिक्षण ही गुंतवणूक झाली, आणि गुंतवणूक परतावा मागते. कोट्यवधी रुपये मोजून बाहेर पडलेला तरुण डॉक्टर मेळघाटात कुपोषित बालकांचे वजन करीत बसेल ही अपेक्षा करणाऱ्यांनी अर्थशास्त्राचे पहिले पान वाचलेले नाही. व्यक्तिशः तो दुष्ट असतोच असे नाही. व्यवस्थेने त्याच्यासमोर जे गणित मांडले ते तो सोडवतो.

कायद्याची गाळणी

मग कायदा काय करतो? डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम गिऱ्हाईक ओढण्यासाठी जाहिरात करण्यास मनाई करतात. तरीही ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे आपल्याला रोज दिसतात, कारण जाहिरात डॉक्टर करीत नाही, ‘केंद्र’ करते. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात ज्या व्याधींवरील औषधांची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत स्थूलपणा आहे. पण तो कायदा औषधांचा आणि जादूटोण्याच्या उपायांचा. सुरी त्याच्या गाळणीतून निसटते. वजन उतरवणाऱ्या चूर्णाची जाहिरात गुन्हा आणि नळीने चरबी ओढण्याची जाहिरात व्यापार, असा हा न्याय आहे. वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपण १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यालाच ठिगळे लावीत आहोत. २०२१ साली नियमांत दुरुस्ती करून रुग्णांच्या हक्कांची सनद त्यात घातली, हे स्वागतार्ह. पण जेथे रात्री कोणाला ठेवतच नाहीत असे सांगितले जाते त्या दवाखान्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

उरते ते संमतिपत्र. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि ठळक धोके यांची पुरेशी माहिती दिल्याखेरीज घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. टेबलावर जाण्यापूर्वी दहा मिनिटे, कापडे बदलताना, इंग्रजीतील सहा पानांवर घेतलेली सही या कसोटीला कशी उतरावी? आणि १९९५ च्या निकालाने ग्राहक न्यायालयाचे दार रुग्णाला उघडले खरे. पण ते दार मेलेल्या माणसाच्या आईबापांना वर्षानुवर्षे ठोठवावे लागते.

‘माझा देह, माझा अधिकार’

या लेखाला सर्वांत गंभीर आक्षेप आमच्याच घरातून येईल, आणि त्याचे उत्तर आदराने दिले पाहिजे. स्त्रीमुक्तीच्या चळवळीतील भगिनी म्हणतील की, स्त्रीच्या देहावर तिचा हक्क आहे. बापाने, नवऱ्याने, धर्माने तो हिरावला; आता समाजवादी प्राध्यापकानेही तो हिरावू नये. हे म्हणणे तत्त्वतः आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. म्हणूनच आम्ही बंदीची मागणी करीत नाही. बंदीने हा धंदा अंधाऱ्या गल्लीत जाईल आणि मरतील त्या पुन्हा बायकाच.

परंतु गिरणीकामगाराला बारा तासांच्या पाळीचा करार ‘स्वेच्छेने’ करू देऊ नये, असे जेव्हा पहिल्या कारखाना कायद्यांच्या वेळी म्हटले गेले, तेव्हाही मालकांनी स्वातंत्र्याचाच झेंडा फडकावला होता. आपल्या चळवळीने त्या वेळी जे उत्तर दिले तेच आजही लागू आहे. उपाशी माणसाची संमती आणि पोट भरलेल्या माणसाची संमती एक नव्हे. जिला माहिती दिली गेली नाही, जिच्या नोकरीवर वा लग्नावर टांगती तलवार आहे, जिला लाज शिकवून मग उपाय विकला जातो, तिची सही म्हणजे तिचे स्वातंत्र्य असे मानणे ही विक्रेत्याची सोय आहे. खरे स्वातंत्र्य हवे असेल तर माहिती, वेळ आणि सुरक्षितता या तिन्ही गोष्टी तिच्या बाजूने असल्या पाहिजेत. त्या देण्याची जबाबदारी राज्यसंस्थेची आहे.

पुण्याचा कारागीर आणि भाजलेल्या बायका

प्लास्टिक सर्जरीचा आम्हाला तिटकारा नाही. उलट या विद्येचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे एक पान इतिहासात आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापण्यात आले. १७९३ साली पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले, १७९४ साली लंडनच्या मासिकात ते वृत्त छापून आले आणि युरोपातील शल्यचिकित्सक त्यातून शिकले. ज्याच्या जातीला शाळेची पायरी चढू दिली गेली नाही अशा माणसाच्या हातात ही विद्या होती, आणि तिचा हेतू कापलेल्या माणसाला पुन्हा चारचौघांत उभे करण्याचा होता.

त्या विद्येची आज खरी गरज कोणाला आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतात दर वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात. स्टोव्ह, चूल, रॉकेल, आणि सासरची माणसे, यांनी भाजलेल्या कितीतरी स्त्रिया त्यांत असतात. मान छातीला चिकटलेली, बोटे जुळलेली अशी बाई जिल्हा रुग्णालयात जाते तेव्हा तिला प्लास्टिक सर्जन भेटेल याची शाश्वती नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो १.८४ टक्के दिसतो. समाजाच्या पैशाने आणि सार्वजनिक रुग्णालयातील गरीब रुग्णांच्या देहांवर हात घडवून तयार झालेले कौशल्य निरोगी पोटांकडे वळते आणि भाजलेले हात तसेच राहतात. हे साधनांचे अपवाटप आहे. बाजाराच्या दृष्टीने मात्र ते कार्यक्षम ठरते, कारण बाजाराला गरज दिसत नाही, खिसा दिसतो.

आणि ज्या देशात हा बाजार बहरतो आहे त्याचे चित्र काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के स्थूल वा अतिवजनाच्या आहेत, जवळजवळ १९ टक्के हडकुळ्या आहेत आणि ५७ टक्के रक्तक्षयी आहेत. एकाच चाळीत, कधी एकाच देहात, चरबीही जास्त आणि रक्तही कमी. स्वस्त तेल, साखर आणि मैदा यांवर पोट भरावे लागणे, डाळ व भाजी परवडेनाशी होणे, बसून करायची कामे, खेळायला मैदान नाही आणि चालायला पदपथ नाही, हा या स्थूलपणाचा उगम. तो सार्वजनिक आहे. त्यावर खाजगी नळी हा उपाय होऊ शकत नाही.

काय केले पाहिजे

आमच्या मागण्या अवास्तव नाहीत. पहिली, अशी शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक जागेची, तेथे खाट असो वा नसो, स्वतंत्र नोंदणी व्हावी. प्रशिक्षित शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ हजर असल्याखेरीज आणि अतिदक्षतेची सोय असल्याखेरीज ती करता येऊ नये. दुसरी, एका वेळी काढायच्या चरबीला आणि लिग्नोकेनच्या मात्रेला कायद्याने मर्यादा घालावी. जगभर पाच लिटरच्या वरचे प्रमाण मोठ्या जोखमीचे समजले जाते, तेव्हा त्यापुढे दवाखान्यात जाऊच नये, आणि रुग्णाला किमान एक रात्र देखरेखीखाली ठेवावे. तिसरी, प्रत्येक मृत्यू व गंभीर इजा यांची सक्तीची नोंद होऊन वार्षिक आकडे प्रसिद्ध व्हावेत. चौथी, मातृभाषेतील माहितीपत्रक आणि सही यांच्यात किमान चौदा दिवसांचे अंतर असावे. ‘आधी-नंतर’च्या जाहिराती व हप्त्यांची आमिषे बंद व्हावीत. पाचवी, या व्यवहारांवर जमा होणारा कर सरकारी रुग्णालयांतील जळीत विभागांसाठी राखून ठेवावा. निरोगी देहावरच्या सुरीने निदान भाजलेल्या देहाचे ऋण फेडावे.

कार्यकर्त्यांनी एवढे वाचून थांबू नये. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा अजून आपल्या हाती आहे. प्रत्येक शाखेने आपल्या महापालिकेच्या वा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे तीन प्रश्नांचा अर्ज द्यावा. चरबी काढण्याची शस्त्रक्रिया करणारी किती ठिकाणे आपल्या नोंदीत आहेत? गेल्या पाच वर्षांत त्यांपैकी किती ठिकाणांची तपासणी झाली? त्या शस्त्रक्रियेनंतर किती मृत्यू आपल्याकडे नोंदले गेले? बहुतेक ठिकाणी ‘माहिती उपलब्ध नाही’ असेच उत्तर येईल. ते उत्तर जपून ठेवावे आणि येत्या अधिवेशनात आपल्या आमदारांच्या हाती द्यावे. विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांना उभे करण्यास तेवढा कागद पुरेसा आहे.